जिंकणाऱ्याची रात्र

१४ जानेवारी २०२३. भोगीचा दिवस. पुण्यात कोथरूडला महाराष्ट्र केसरीच्या माती विभागाची शेवटची कुस्ती लागली, तेव्हा समोरासमोर उभे असलेले दोन्ही पैलवान सोलापूर जिल्ह्याचे होते. एक मोहोळचा सिकंदर शेख, कोल्हापूरच्या गंगावेस तालमीत घडलेला, गावोगावची मैदाने मारून आलेला. दुसरा मंगळवेढा तालुक्याचा महेंद्र गायकवाड. मंगळवेढा आम्हा सांगोलेकरांच्या शिवेला लागून, मोहोळही फार लांब नाही. म्हणजे ती कुस्ती कुणीही जिंकली असती तरी गदेच्या लढतीला पैलवान सोलापूरचाच जाणार होता. जिल्ह्याने पेढे वाटावेत असा तो दिवस.

महेंद्र जिंकला. सिकंदर हरेल असे फार थोड्यांना वाटले होते. त्याचे नाव एवढे मोठे की गदा जणू त्याच्यासाठीच ठेवली आहे, अशा खात्रीने लोक पडद्यासमोर बसले होते. महेंद्रने टांग मारली, पंचांनी चार गुण दिले आणि सगळा हिशेब उलटला. त्या क्षणापासून पुढचे कित्येक दिवस महाराष्ट्रात एकच प्रश्न फिरत राहिला: ते चार गुण खरे होते का? टांगेची चित्रफीत थांबवून, मागे नेऊन, पुन्हा पुढे नेऊन हजारोंनी पाहिली. सिकंदरचा कोणता खांदा आधी टेकला, पाठ किती कलली, यावर पारापारांवर वाद झाले. काहींनी त्यात धर्माचा रंग कालवला. त्या लढतीतल्या पंचांना फोनवरून धमकी आल्याची तक्रार कोथरूड पोलिसांपर्यंत गेली.

या सगळ्या गदारोळात महेंद्र गायकवाड कुठे होता? त्याने ती टांग किती वर्षे घोटली, त्याचा वस्ताद कोण, घरचे कोण, खुराक कसा चालतो, हे विचारणारा आवाज मला तरी फार क्षीण ऐकू आला. माझी तक्रार एवढीच आहे आणि ती मी मनापासून करतो. मोठा पैलवान पडतो तेव्हा ती रात्र पाडणाऱ्याची असते. आपण ती त्याला देत नाही. आपण पडलेल्याभोवती गोळा होतो, त्याच्यासाठी रडतो, त्याच्यासाठी भांडतो, आणि ज्याने आयुष्यातली सर्वांत अवघड कुस्ती मारली तो पोरगा एका कोपऱ्यात घाम पुसत उभा राहतो.

सिकंदरच्या चाहत्यांना मी वेडे म्हणणार नाही. त्यांच्या रागाला एक खरे कारण आहे आणि ते समजून घेतले पाहिजे. आपल्या जत्रेतली कुस्ती निकाली. पाठ लागली, दोन्ही खांदे टेकले, कुस्ती झाली. फडाभोवती बसलेल्या दहा हजार माणसांना एकाच वेळी दिसते, शेवटच्या रांगेतल्या म्हाताऱ्यालाही दिसते. तिथे पंच असतो, पण तो निकाल देत नाही, लागलेला निकाल पुकारतो. नाहीच लागला तर बरोबरीत सोडवतात, दोघांचेही हात वर करतात आणि इनाम वाटून देतात. पिढ्यान् पिढ्या ज्यांचा डोळा या कुस्तीवर तयार झाला, त्यांना गुणांची कुस्ती परकी वाटते. तिथे निकाल डोळ्यांना दिसत नाही, फलकावर दिसतो.

नियम असा आहे: उभ्या पैलवानाला डाव मारून थेट असे पाडले की त्याची पाठ जमिनीकडे वळली, तर चार गुण. तो पडला, ताब्यात आला, पण पाठ तेवढी वळली नाही, तर दोन. दोन आणि चार यांच्यामधले अंतर म्हणजे पाठीचा काही अंशांचा कल, आणि तोही डोळ्याचे पाते लवते तेवढ्या वेळात. पंच ज्या बाजूला उभा, तिथून एक दिसते, कॅमेरा ज्या बाजूला, तिथून दुसरे. मातीत तर धूळ उडते, अंगाला माती लागलेली असते, कड आणखी पुसट होते. अशा निर्णयावर शंका येणे साहजिक आहे. शंका विचारण्याची रीतही नियमातच आहे. लढत चालू असताना वस्ताद निर्णयाला आव्हान देतो, चित्रण पुन्हा पाहिले जाते. पण घरी बसून मोबाइलवर थांबवलेले एक चित्र म्हणजे पुरावा नव्हे, आणि पंचाच्या फोनवर शिवीगाळ म्हणजे दाद मागणे नव्हे.

कुणी म्हणेल, निर्णय यंत्राने दिला की हे मिटेल. टेनिसकडे पाहावे. तिथे चेंडू रेषेच्या आत की बाहेर हे आता बहुतेक मोठ्या स्पर्धांत यंत्र सांगते. विम्बल्डननेही २०२५पासून रेषेवरचे पंच काढूनच टाकले. भांडायला फारशी जागा उरली नाही. तरी काय झाले? महिला टेनिस संघटना आणि आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघ यांनी २०२४ या वर्षाचा हिशेब मांडला, तेव्हा ४५८ खेळाडूंना उद्देशून शिवीगाळ करणारे सुमारे आठ हजार संदेश सापडले. त्यातले चाळीस टक्के पैज हरलेल्या जुगाऱ्यांचे होते. २०२१च्या अमेरिकन स्पर्धेत अँजेलिक कर्बरकडून हरल्यावर स्लोन स्टीफन्सला दोन हजारांहून जास्त विखारी संदेश आले. तिथे पंचाचा दोष नव्हता, गुणांचा वाद नव्हता. ती हरली, एवढाच तिचा गुन्हा. म्हणजे दुखणे निर्णयात नाही, आपल्यात आहे. आपल्या मनात सामना आधीच लागून गेलेला असतो आणि मैदानावर वेगळे घडले की घडवणाऱ्यावर आपण चिडतो.

याचे सर्वांत करुण चित्र मला २०१८च्या अमेरिकन स्पर्धेच्या बक्षीस समारंभात दिसते. वीस वर्षांच्या नाओमी ओसाकाने सेरेना विल्यम्सला ६-२, ६-४ असे हरवले होते. लहानपणापासून जिला आदर्श मानले तिलाच हरवून पहिले मोठे विजेतेपद. पण सेरेनाचा पंचांशी वाद झाला होता आणि प्रेक्षक हुर्यो उडवत होते. ती पोरगी टोपीची झापड डोळ्यांवर ओढून रडत होती, आणि हातात माइक आल्यावर, सगळे सेरेनाच्या बाजूने होते हे मला माहीत आहे, याचा शेवट असा झाला याबद्दल मला वाईट वाटते, अशा अर्थाचे बोलली. जिंकलेल्या माणसाला माफी मागायला लावणारे प्रेक्षक! हुर्यो पंचांसाठी होती, तिच्यासाठी नव्हती, असे नंतर सांगितले गेले. तिच्या कानांनी तो फरक कसा करायचा?

पॅरिसमध्ये २००९ साली उलटे झाले होते. राफाएल नदाल फ्रेंच स्पर्धेच्या लाल मातीवर तोवर एकही सामना हरला नव्हता, ३१ पैकी ३१ जिंकलेला, चार वेळचा विजेता. समोर तेविसावे मानांकन असलेला स्वीडनचा रॉबिन सोडर्लिंग, ज्याला महिनाभर आधीच रोममध्ये नदालने ६-१, ६-० असे लोळवले होते. चौथ्या फेरीत सोडर्लिंगने चार सेटमध्ये त्याला हरवले. पॅरिसचे लोक त्या दिवशी सोडर्लिंगच्या बाजूने ओरडले आणि ते नदालला लागले. तरी त्याने प्रतिस्पर्ध्याचे श्रेय प्रतिस्पर्ध्याला दिले. पुढच्या वर्षी अंतिम सामन्यात त्याच सोडर्लिंगला सरळ तीन सेटमध्ये हरवून त्याने करंडक परत आणला. त्या मातीवर नदाल कारकिर्दीत एकूण ११२ सामने जिंकला आणि अवघे चार हरला. त्या चारांतला पहिला पराभव ज्याच्या नावावर आहे, त्याची कारकीर्द दोनच वर्षांनी आजाराने संपली. ती एक दुपार त्याच्याकडून कुणी हिरावून घेतली असती, तर त्याच्याकडे काय उरले असते?

टेनिस आपल्याला फार परके आहे असेही नाही. बार्शीची प्रार्थना ठोंबरे २०१४च्या इंचॉन आशियाई स्पर्धेत सानिया मिर्झाबरोबर दुहेरीचे कांस्यपदक जिंकून आली आणि २०१६ला रिओ ऑलिंपिकमध्ये खेळली. रिओत ती जोडी पहिल्याच फेरीत तीन सेट झुंजून चीनच्या जोडीकडून हरली. बार्शीची पोर ऑलिंपिकच्या कोर्टवर उभी राहिली, ही जिल्ह्याच्या इतिहासातली किती मोठी गोष्ट. तिच्याबद्दल आपण किती बोललो?

सांगोल्याला तर धक्कादायक निकाल पचवण्याची सवय आहे. १९६२पासून इथून निवडून जाणारे, एकूण अकरा वेळा आमदार झालेले गणपतराव देशमुख १९९५ साली शहाजीबापू पाटलांकडून १९२ मतांनी पडले होते. गावेच्या गावे सुन्न झाली. पण १९९९ला गणपतराव पुन्हा उभे राहिले आणि जिंकून आले, आणि बापूंचा तो विजयही तालुक्याने विजय म्हणूनच लक्षात ठेवला. दोघांची नावे आजही लोक एका श्वासात घेतात. जे मतपेटीसमोर जमले ते फडावर का जमू नये?

सिकंदरने स्वतः उत्तर दिले ते मैदानात. दहा महिन्यांनी, नोव्हेंबर २०२३मध्ये पुण्याजवळ फुलगावला त्याने शिवराज राक्षेला काही सेकंदांत चीत केले आणि महाराष्ट्र केसरीची गदा उचलली. हाच शिवराज जानेवारीत महेंद्रला हरवून महाराष्ट्र केसरी झाला होता. दोघेही काका पवारांच्या तालमीतले. माती विभाग जिंकलेला महेंद्र त्याच रात्री आपल्याच तालमीतल्या सोबत्याकडून मिनिटभरात चीत झाला, आणि त्यावर काही लोकांना झालेला आनंद मी कधी विसरणार नाही. हरणारा आपल्याच जिल्ह्याचा होता.

पुढचे आणखी वाईट आहे. फेब्रुवारी २०२५, अहिल्यानगर. पृथ्वीराज मोहोळबरोबरच्या लढतीचा निर्णय न पटल्याने शिवराज राक्षेने पंचांची कॉलर धरली, लाथ मारली. त्याच स्पर्धेच्या अंतिम लढतीत, शेवटची काही सेकंद उरली असताना, महेंद्र गायकवाड पंचांवर चिडून मैदान सोडून गेला. दोघांवर तीन वर्षांची बंदी आली. पंचाच्या निर्णयामुळे ज्याचा विजय दोन वर्षांपूर्वी संशयात ढकलला गेला, तोच आता पंचावर संतापत होता. त्याचे समर्थन कुणी करू नये. पण आपण प्रेक्षकांनी या पोरांना काय शिकवले, हेही विचारले पाहिजे. जिंकले तरी लबाड ठरवायचे आणि हरले तर पंच विकला गेला म्हणायचे, हा धडा त्यांनी आमच्याकडूनच घेतला. लाथ मारणे चूकच, त्या लाथेवर शिट्ट्या वाजवणारेही तितकेच चुकले.

जत्रेतल्या कुस्तीची एक रीत मला फार मोलाची वाटते. कुस्ती मारलेला पैलवान फडाभोवती फिरतो आणि लोक त्याच्या हातात पैसे ठेवतात, कुणी दहा, कुणी शंभर. ज्याची कुस्ती पाहायला आलो तो हरलेला असतो, तरी समोर आलेल्या अनोळखी पोराच्या हातावर माणूस नोट ठेवतोच. ती नोट देताना तो त्याचे गाव विचारतो. मोबाइलच्या पडद्यावर पाहिलेल्या कुस्तीत ही रीत उरलेली नाही.

रथसप्तमीच्या सुमाराला सांगोल्यात अंबिकादेवीची यात्रा भरते. खिलार जनावरांचा बाजार भरतो, कुस्त्या होतात, हलगी घुमते. यात्रेच्या मैदानात माइक धरणाऱ्या निवेदकांना माझी विनंती आहे. नावाजलेला मल्ल पडला की त्याचे काय चुकले हे सांगण्याआधी पाडणाऱ्याचे नाव, गाव, तालीम आणि वस्ताद तीनदा पुकारा. डाव कोणता बसला, कसा बसला, ते समजावून सांगा. यात्रा कमिटीने गुणांवर कुस्ती लावली असेल तर दोन आणि चार गुणांचा नियम कुस्ती सुरू होण्याआधी माइकवरून वाचा, आणि निर्णयाला आव्हान द्यायचे तर वस्तादाने कुणाकडे जायचे तेही सांगा. आणि महेंद्र किंवा सिकंदर, दोघांपैकी कुणीही कधी या फडावर आला तर त्याला २०२३ची ती टांग विचारू नका. सध्या मेहनत किती करतो, ते विचारा.