किनाऱ्यावरचा प्रत्येक देवमासा ‘ब्लू व्हेल’ नसतो

नोव्हेंबर २०२३मध्ये गणपतीपुळ्याच्या किनाऱ्यावर देवमाशाचं पिल्लू अडकलं होतं. अशा घटनेचे व्हिडिओ समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर, अकोल्याच्या जठारपेठेत बसूनही लगेच दिसतात. त्यावर अनेकदा ‘ब्लू व्हेल’ असं लिहिलेलं असतं. पण कोकणात ब्रायडस व्हेलही वाहून येतात.

फरक कसा ओळखायचा?
ब्लू व्हेलच्या डोक्यावर एक लांबट उंचवटा असतो, ब्रायडसच्या डोक्यावर तीन.

दोघंही मिस्टिसेटी गटातले सस्तन प्राणी. त्यांच्या पूर्वजांना दात होते. आजही गर्भात दातांचे अंकुर फुटतात, पण जन्माआधीच विरघळतात. त्याऐवजी केराटिनची, म्हणजे आपल्या नखांत असतं त्याच द्रव्याची झालर येते. तिच्यातून ते अन्न गाळून घेतात.

नावाने काय बिघडतं?
मेक्सिकोच्या आखातातले देवमासे पूर्वी ब्रायडसच समजले जायचे. कवटी आणि डीएनए तपासल्यावर २०२१मध्ये ती ‘राइसेस व्हेल’ ही वेगळी प्रजाती ठरली. त्यातले आता अंदाजे पन्नासच उरले आहेत. ते ब्रायडसमध्येच मोजले जात राहिले असते, तर एक अख्खी प्रजाती संपतेय हे कुणाच्या लक्षातही आलं नसतं.

म्हणूनच कोकणात वाहून आलेल्या देवमाशाच्या फोटोपेक्षा त्याच्या कातडीचा छोटासा नमुना जास्त मोलाचा असतो.