अनोळखी आवाजांची सोबत

प्रवासाला निघालेल्या माणसाचे हल्ली घर सुटतच नाही. घाट चढताना मुलीचा फोन येतो, धबधब्यापाशी सोसायटीच्या टाकीचा निरोप पोहोचतो. निवृत्तीनंतर महिनोन्‌महिने मोटारीने देश पाहत हिंडणारी जोडपी आता आपल्याकडेही दिसतात. त्यांनी घरच्यांना खुशाली जरूर कळवावी. पण सामानात हौशी रेडिओचा, म्हणजे ‘हॅम’चा, एक संचही ठेवावा, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते.

फोनवर आपण ठरलेल्या माणसाशी बोलतो. हॅम ‘सीक्यू, सीक्यू’ अशी साद घालतो. जो ऐकत असेल त्याने बोलावे. उत्तर कोण देईल, हे आपण कुठे उभे आहोत यावर पुष्कळ अवलंबून असते. 2 मीटर पट्ट्यातील लहरी साधारण नजरेच्या रेषेत जातात. म्हणून दरीत मुका झालेला हातातला संच घाटमाथ्यावर येताच बोलका होतो. 14 मेगाहर्ट्‌झच्या लहरी आयनांबरावरून परतून समुद्रापार पोहोचतात. त्यासाठी झाडांमध्ये 10 मीटरभर तार ताणायची आणि बॅटरी जोडायची. 5 वॉटवर, म्हणजे झिरोच्या दिव्याहूनही कमी शक्तीवर, हजारो किलोमीटर गाठणारे शौकीन आहेत. डोंगर, दिवसाची वेळ, सूर्यावरचे डाग अशा सर्वांची मर्जी मात्र सांभाळावी लागते.

या वेडाची परिसीमा अमेरिकेत झाली. स्टीव्हन रॉबर्ट्‌स हा लेखक 1983 साली ओहायोतील घर सोडून सायकलवर निघाला. पुढे त्या सायकलीवर संगणक, सौर पट्ट्या, हॅम संच असे सामान चढत गेले आणि ‘बेहेमॉथ’ या अखेरच्या अवताराचे वजन 580 पौंड भरले! एकूण 17,000 मैलांची ही भटकंती. बेहेमॉथ पुढे कॅलिफोर्नियातील संगणक इतिहास संग्रहालयात विसावली.

मोबाइल असताना हा खटाटोप कशाला, असे कोणी विचारील. डिसेंबर 2004 मध्ये भारती प्रसाद सहकाऱ्यांसह अंदमानात गेल्या होत्या, त्या जगभरच्या हॅम मंडळींशी बोलण्याच्या हौसेने. 26 तारखेला त्सुनामी आली, नेहमीची दळणवळणाची साधने कोलमडली आणि त्यांच्या संचावरून मुख्य भूमीवरील व्याकूळ नातलगांना आप्तांची खबर मिळू लागली. हौस होती म्हणून संच तिथे होता, आणि तो चालवणारे सरावलेले हातही होते.

अर्थात, हे खेळणे नव्हे. दूरसंचार विभागाची परीक्षा देऊन परवाना घ्यावा लागतो, तेव्हा स्वतःची संकेतखूण मिळते. प्रवासात संच वापरताना परवान्याच्या अटी पाहाव्यात, परदेशी जाताना तिथली परवानगी घ्यावी, आणि बोलायचे ते गाडी थांबवून. या लहरींवर धंद्याच्या गोष्टींना सक्त मनाई आहे. आयुष्यभर देण्याघेण्याच्या खतावण्या पाहिलेल्या माझ्यासारख्या बँकवाल्याला ही अट फारच भावते.

ज्याच्याकडून काही घ्यायचे नाही, ज्याला काही विकायचे नाही, अशा माणसाशी आपण शेवटचे कधी बोललो? आगगाडीच्या डब्यातही आता जो तो आपल्या पडद्यात मान घालून बसतो. परक्याची विचारपूस करण्याची सवय सुखाच्या दिवसांत लागलेली असली, तरच ती संकटात हाताशी येते.