कल्याण जंक्शनवरचे तेरा पाहुणे

आमच्या इमारतीत खालच्या मजल्यावर एक मल्याळी काका राहतात. डोंबिवलीत येऊन त्यांना चाळीसेक वर्षं झाली असतील. मराठी आमच्याइतकंच बोलतात, फक्त चिडायचं झालं की मल्याळममध्ये चिडतात. परवा मी गॅलरीतल्या दोरीवर मुंबई सिटीची आकाशी जर्सी वाळत घालत होतो, तर खालून आवाज आला, "अरे, धुतोस कशाला? यंदा आमच्यासमोर एकदाच घालायची आहे!"

काकांचं बरोबर होतं. 14 फेब्रुवारीला इंडियन सुपर लीग सुरू होतेय. खरं तर एव्हाना ती संपायच्या बेतात असायला हवी होती, कारण मागच्या दोन हंगामांत तिचा नारळ सप्टेंबरात फुटला होता. पण फुटबॉल महासंघ आणि स्पर्धा चालवणारी कंपनी यांचा पंधरा वर्षांचा करार 8 डिसेंबरला संपला, नव्या निविदेला एकही बोली आली नाही, प्रकरण सर्वोच्च न्यायालयाच्या दारात फिरून आलं आणि अखेर जानेवारीत क्रीडामंत्र्यांनी तारीख जाहीर केली. चौदा संघ, 91 सामने. प्रत्येकाशी एकदाच गाठ. गेल्या हंगामात एका संघाच्या वाट्याला 24 सामने होते, यंदा 13. म्हणजे निम्मं वऱ्हाड आपल्या मांडवात येणार आणि उरलेल्यांच्या दारात आपण जाणार. परतफेडीची सोय नाही. आज हरलात तर वर्षभर ऐकून घ्या.

हे तेरा पाहुणे कोण, याचा हिशेब मी यंदा कल्याण स्टेशनवर बसून केला. पारनाक्याच्या आत्याला काशीला जायचं होतं. महानगरी मध्यरात्रीनंतरची, आणि आत्याच्या पंचांगात गाडीच्या आधी दोन तास फलाटावर पोचणं हा यात्रेचाच भाग. ती बॅगेवर बसली, मी शेजारी उभा राहिलो. वेळ काढायचा म्हणून तिला म्हटलं, "आत्या, यंदा काशीशी आमची मॅच आहे."

"काशीला फुटबॉल? गंगेत खेळतात की काय?"

गंगेत नाही, पण काशीतही नाही. इंटर काशी हा संघ खालच्या पायरीवरच्या आय-लीगमधले घरचे सामने खेळला पश्चिम बंगालमधल्या कल्याणीला. हे कल्याणवाल्या आत्याला सांगितलं तर तिला ते भलतंच आवडलं. या संघाचं वर येणंही सरळ नाही. गेल्या एप्रिलमध्ये आय-लीगचा करंडक गोव्याच्या चर्चिल ब्रदर्सच्या हातात गेला होता. काशीवाले थेट स्वित्झर्लंडच्या क्रीडा लवादापर्यंत गेले आणि जुलैत विजेतेपद घेऊन आले. आपल्याकडे लोक सातबाऱ्यावरच्या नावासाठी जेवढं भांडतात तेवढंच. अशा माणसांशी पहिल्यांदा खेळताना जरा जपून असावं.

कल्याणच्या फलाटावर उभं राहिलं की हंगामाचं वेळापत्रक वेगळं वाचावं लागत नाही. पंजाब मेल इथे थांबते. कोणार्क एक्स्प्रेस ओडिशाची. चेन्नईच्या गाड्या इथूनच जातात, गुवाहाटीच्याही. त्या गुवाहाटीकडच्या नॉर्थईस्ट युनायटेडला पूर्वी आपण गंमत म्हणून हरवायचो. त्यांनी 2024 आणि 2025 असे लागोपाठ दोन ड्युरंड चषक नेले आणि गेल्या लीगमध्ये त्यांच्या अलाएद्दिन अजाराई या मोरोक्कन गड्याने एकट्याने 23 गोल केले. गंमत संपली. गीतांजली हावड्याला जाते, तिच्या वाटेवर टाटानगर, म्हणजे जमशेदपूरही त्यातच आलं. राहिले गोवा आणि केरळ. मांडवी आणि नेत्रावती कल्याणला येत नाहीत, त्यांना ठाण्याला गाठावं लागतं. त्यामुळे ठाणेकर या दोन संघांना स्वतःचे खास शत्रू मानतात, आणि आम्हीही ते चालवून घेतो.

गीतांजलीच्या टोकाला कोलकात्याचे तीन संघ बसलेत. मोहम्मडन गेल्या वर्षी तळाला होता, त्याच्याबद्दल आत्ताच काही बोलत नाही. मोहन बागान मात्र सोडून देता येत नाही. 1889 सालचा क्लब, आणि आमच्याशी वैर म्हणाल तर अवघ्या पाच-सहा वर्षांचं, पण कसलं! 13 मार्च 2021 ला गोव्यात फातोर्ड्यावर अंतिम सामन्यात 90व्या मिनिटाला बिपिन सिंगने गोल मारून आम्हाला पहिला करंडक दिला, तेव्हा समोर हेच होते. 20 डिसेंबर 2023 ला अंधेरीत आम्ही 2-1 जिंकलो आणि त्या सामन्यात पंचांनी सात जणांना लाल कार्ड दाखवलं, चार आमचे, तीन त्यांचे. त्या रात्री परत येताना मेट्रोत एक गृहस्थ माझ्या निळ्या शर्टाकडे बघून म्हणाले, "कुठल्या कुरिअरमध्ये आहात?" पुढे 15 एप्रिल 2024 ला त्यांनी सॉल्ट लेकवर आमच्याकडून लीगची ढाल हिसकावली, आणि 4 मे रोजी त्याच मैदानावर, त्यांच्याच गर्दीसमोर, आम्ही अंतिम सामना 3-1 ने मारला. एकोणीस दिवसांत हिशेब चुकता.

आता त्याच बागानच्या मध्यफळीत अपुइया आहे आणि बचावात मेहताब सिंग. दोघेही आमचे. अपुइया 2024 मध्ये गेला, मेहताब 2025 मध्ये. आणि 90व्या मिनिटाचा तो बिपिन? तो गेल्या उन्हाळ्यात ईस्ट बंगालला गेला. मला डोंबिवलीकर म्हणून याचं फार आश्चर्य वाटत नाही. आमच्या मजल्यावरची चार घरं गेल्या दहा वर्षांत पलावाला गेली, दोन घोडबंदरला, एक थेट हिंजवडीला. गेलेली माणसं गणपतीला येतात, नव्या घराचा कार्पेट एरिया सांगतात, आणि आपण "वा वा" म्हणतो. बिपिन समोरून डावीकडून धावत येईल तेव्हाही मी बहुधा "वा वा" म्हणेन, आणि मग बाजूचा कोणीतरी मला गप्प करेल.

सगळ्यात अवघड पाहुणा उद्यान एक्स्प्रेसचा. बेंगळुरूने गेल्या मार्चमध्ये आमचं जे केलं ते अजून नीट पचलेलं नाही. 11 मार्चला आम्ही त्यांच्या कांतीरवा मैदानावर 2-0 जिंकलो, सहावा क्रमांक पटकावला आणि बाद फेरीत गेलो. अठरा दिवसांनी बाद फेरीचा सामना त्याच मैदानावर, त्याच संघाशी. 0-5. मी चौथ्या गोलानंतर भांडी घासायला घेतली, पाचवा गोल नळाच्या आवाजात गेला.

बरं, या संघाचा राग करावा तर तिथेही आपलीच माणसं. सुनील छेत्री आज चाळिशी ओलांडूनही त्यांच्याकडे गोल करतो, पण 2015 मध्ये तो आमच्या निळ्या रंगात होता. 1 कोटी 20 लाखांची बोली लागली होती त्याच्यावर. त्याच वर्षी ऑक्टोबरात नॉर्थईस्टविरुद्ध त्याने तीन गोल केले, लीगमधली भारतीयाची ती पहिली हॅट्ट्रिक. आणि दुसरा राहुल भेके. हे नाव मी जरा मोठ्याने उच्चारतो. मुंबईचा मुलगा, मराठी आडनाव, बचावपटू. भारतीय फुटबॉलच्या वरच्या पायरीवर अशी आडनावं मोजायला एक हात पुरतो. 2019 चा अंतिम सामना अंधेरीलाच झाला होता, बेंगळुरू विरुद्ध गोवा. जादा वेळेत, 117व्या मिनिटाला, भेकेने डोक्याने गोल मारून बेंगळुरूला विजेतेपद दिलं. पुढे तो आमच्याकडे आला, कप्तान झाला. एप्रिल 2022 मध्ये रियाधला इराकच्या एअर फोर्स क्लबला आम्ही 2-1 हरवलं, आशियाच्या चॅम्पियन्स लीगमध्ये भारतीय क्लबचा तो पहिला विजय, आणि विजयी गोल पुन्हा भेकेच्याच डोक्यातून. 2024 मध्ये तो परत बेंगळुरूला गेला. कॉर्नर मिळाला की तो पुढे येतो. यंदा तो पुढे येईल तेव्हा पोटात गोळा येणार, हे आत्ताच लिहून ठेवतो.

गोव्याचं सांगायचं तर तिथे हरणं-जिंकणं दोन्ही मापाबाहेर असतं. 2015 मध्ये फातोर्ड्याला त्यांनी आम्हाला 7-0 धुतलं. आणि 24 एप्रिल 2024 ला उपांत्य फेरीत 90व्या मिनिटापर्यंत ते 2-0 ने पुढे होते. इथे आमच्या घरी टीव्ही बंद करून पानं वाढायला घेतली होती. ठाण्याच्या भाच्याचा फोन आला, "मामा, लाव, लाव!" लावेपर्यंत आमच्या छांगतेचा एक, विक्रम प्रताप सिंगचा एक, आणि भरपाईच्या सहाव्या मिनिटाला पुन्हा छांगते. 3-2. आमटी गार झाली. भाचा हल्ली ठाण्यात गच्चीवरच्या टर्फवर तासाच्या भाड्याने खेळतो आणि मॅंचेस्टर सिटीची जर्सी घालतो. त्याला सांगत असतो की बाबा, आपलाही निळा रंग त्याच घरचा. नोव्हेंबर 2019 मध्ये मॅंचेस्टरवाल्या सिटी ग्रुपने मुंबई सिटीचे 65 टक्के घेतले होते. आता तेही सांगता येणार नाही, डिसेंबरात ते निघून गेले. क्लब पुन्हा रणबीर कपूर आणि बिमल पारेख या जुन्या मालकांकडे. श्रीमंत मावशी सहा वर्षं राहून गेली. दोन ढाली आणि दोन करंडक ठेवून गेली, हे मात्र कबूल करायला हवं. राहिलेल्यांत छांगते आहे, गोलमध्ये फुर्बा लाचेन्पा आहे. एवढ्यावर तेरा सामने निभावता येतात का, ते बघू.

मल्याळी काकांच्या केरळ ब्लास्टर्सबद्दल लिहिताना मला दबून लिहावं लागतं, कारण पाण्याच्या टाकीची चावी त्यांच्याकडे असते. तीन वेळा अंतिम फेरीत पोचून तिन्ही वेळा हरलेला संघ, आणि तरी काकांच्या दारात सामन्याच्या दिवशी पिवळा टॉवेल वाळत असतो. जानेवारी 2023 मध्ये अंधेरीत आम्ही त्यांना 4-0 हरवलं. चारही गोल पहिल्या बावीस मिनिटांत. आम्ही दोघे एकत्र गेलो होतो. डोंबिवलीहून जलद गाडीने घाटकोपर, तिथून मेट्रोने आझाद नगर, पुढे चालत. उरलेला तासभर काका गप्प होते. सामना संपला साडेनऊच्या सुमारास, घाटकोपरच्या पुलावर तीच रोजची चेंगराचेंगरी, आणि बदलापूर गाडीत कसेबसे शिरल्यावर ठाणे गेलं तेव्हा काका पहिल्यांदा बोलले. "बावीस मिनिटांसाठी मी पाच तास प्रवास केला." मी त्यांना डोंबिवली स्टेशनबाहेर वडापाव खिलवला. त्या रात्री टाकीला पाणी वेळेवर आलं.

तेरावा पाहुणा दिल्लीचा, आणि माझं खरं दुखणं तिथे आहे. 18 ऑक्टोबर 2014. मुंबई सिटीचे घरचे सामने तेव्हा नेरूळच्या डी. वाय. पाटीलवर होत. आम्हाला ते किती सोयीचं होतं म्हणून सांगू! ठाण्याला उतरायचं, ट्रान्स-हार्बर पकडायची, नेरूळ. समोर एफसी पुणे सिटी. पुण्याचा मेव्हणा मुद्दाम आला होता, रेल्वेने कल्याणला उतरून. मुंबई-पुणे पहिला सामना, आणि आमच्या आंद्रे मोरित्झने लीगमधली पहिलीच हॅट्ट्रिक ठोकली. 5-0. परतीच्या गाडीत मेव्हणा खिडकीबाहेर बघत बसला होता, आणि मी नेरूळ ते ठाणे एक शब्दही न बोलता नुसता हसत होतो. घरच्या माणसाला हरवण्याची मजा कोलकात्याच्या माणसाला हरवून येत नाही.

2019 मध्ये पुण्याचा संघ बंद झाला. त्याची जागा हैदराबादने घेतली, त्यांनी 2022 मध्ये करंडकही जिंकला (काकांना विचारू नका, समोर केरळच होतं). मग हैदराबादचे पैसे संपले, खेळाडू पांगले, आणि गेल्या ऑक्टोबरात तो संघ बिऱ्हाड उचलून दिल्लीला गेला. आता नाव स्पोर्टिंग क्लब दिल्ली. मध्ये एकदा पुण्याने आमच्यावर उपकारही केले. 2023 मध्ये आशियाच्या लीगसाठी आमचं घरचं मैदान बालेवाडी होतं आणि सौदी अरेबियाचा अल हिलाल तिथे खेळायला आला. नेमार दुखापतीमुळे आला नाही, आम्ही 0-2 हरलो, आणि मेव्हणा पाहुणचार करता करता एकेक गोल मोजत होता.

सव्वाच्या सुमाराला आत्याला डब्यात बसवलं. खिडकीतून तिने विचारलं, "मग काशीला सांगू का, पोरं जरा सांभाळून खेळा म्हणून?" गाडी हलली. रिकाम्या फलाटावर मोबाइल वाजला. पुण्याहून मेव्हणा, आत्या नीट बसली का ते विचारायला. बसली म्हटलं. मग जरा थांबून तो म्हणाला, "यंदा दिल्ली तुमच्याकडे येतेय की तुम्ही जाताय? नाही, आपला म्हणून विचारतो. आमचाच संघ आहे तो, दोन घरं बदललेला."