दाराच्या पोटातली काच

घराच्या खिडकीची काच फुटली की आपण काचवाल्याला बोलावतो. तो माप घेतो, दुकानातल्या मोठ्या काचेवर हिऱ्याची कलम ओढतो, हलकेच दाबून तुकडा मोडतो आणि पुट्टी लावून बसवून जातो. अर्ध्या दिवसाचे काम. मोटारीच्या दारातली काच फुटली, तर हाच माणूस हात वर करतो. त्या काचेवर कलम चालतच नाही. कोणी बळेच कापायला गेले, तर आख्खी काच एका क्षणात खडीसाखरेच्या दाण्यांसारखी ढीग होऊन खाली बसते.

याचे कारण नववीच्या मुलांनाही समजते. साधी काच हव्या त्या आकारात आधी कापून घेतात, कडा घासतात, भोके पाडायची असतील तर तीही पाडतात. मग ती ६०० अंश सेल्सिअसच्या वर तापवून दोन्ही बाजूंनी थंड हवेचे झोत मारतात. बाहेरचा थर आधी थंड होऊन घट्ट होतो. आतला भाग मागाहून थंड होतो, आकसू पाहतो आणि बाहेरच्या थराला आत ओढून धरतो. ही ओढ कायम काचेत राहते. तिच्यामुळेच ही काच साध्या काचेपेक्षा चार-पाच पट दणकट असते. आणि एका जागी ती ओढ सुटली की सगळीकडे सुटते, तीही तिच्यामुळेच. फ्रान्समधल्या द ला बास्ती नावाच्या गृहस्थांनी १८७४ साली तापलेली काच तेलात-चरबीत बुडवून अशी टणक करण्याचे पेटंट घेतले होते. आज तेलाच्या जागी हवा आली, तत्त्व तेच आहे.

उर्दू शायरीत दिल म्हणजे शीशा, आणि तो तुटला की त्याच्या किरचा होतात. मोटारीच्या दारातल्या काचेच्या किरचा होत नाहीत, दाणे होतात. मान किंवा मनगट चिरले जाऊ नये म्हणूनच ती तशी बनवतात. समोरची काच वेगळी असते. तिच्यात दोन काचांच्या मध्ये प्लॅस्टिकचा पातळ पडदा असतो, म्हणून ती तडकते पण जागेवरच राहते.

हा विषय निघाला तो माझ्या भाच्यामुळे. मावसबहीण लग्न होऊन खेडहून बर्मिंगहॅमला गेली, त्याला आता तीस वर्षे होत आली. आपाचा धाकटा मुलगा कॉलेज अर्ध्यावर सोडून जुन्या मोटारी दुरुस्त करणाऱ्या एका वर्कशॉपमध्ये शिकाऊ म्हणून लागला आहे. आपाला हे अजून पचलेले नाही. ‘‘एक मुलगी डॉक्टर, एक मुलगा अकाउंटंट, आणि हा काचा बसवतो,’’ असे ती फोनवर म्हणते. मी तिची समजूत घालायला जात नाही. भाच्याला मात्र दर रविवारी फोन करते, कारण तो जे सांगतो ते मला माझ्या वर्गासाठी उपयोगी पडते. गेला महिनाभर त्याच्या हातात एकच गाडी होती : १९७१ सालची, कापडी छताची, दोन माणसांची एमजीबी. दोन्ही दारांच्या काचा फुटलेल्या.

एमजी हे नाव आपल्या वाचकांना हेक्टर गाडीमुळे ठाऊक असेल. २०१९ पासून ती गुजरातेत हलोलला बनते आणि तेव्हा कंपनीची मालकी चिनी होती. पण ही अक्षरे मूळची ऑक्सफर्डच्या मॉरिस गॅरेजेसची. ऑक्सफर्डजवळ अॅबिंग्डनला त्यांचा कारखाना होता. एमजीबी तिथे १९६२ ते १९८० या काळात बनली. बंद छताच्या धरून पाच लाखांहून जास्त गाड्या निघाल्या. १९८० साली कारखानाच बंद झाला. तरी तिचे सुटे भाग आजही नवे बनतात, इतकी ती तिथल्या मध्यमवर्गाची लाडकी आहे. श्रीमंतांची गाडी ती कधीच नव्हती.

काचेच्या दृष्टीनेही या गाडीला महत्त्व आहे. तिच्या आधीच्या, १९५५ सालच्या एमजीएच्या उघड्या मॉडेलला दारात वर-खाली होणारी काच नव्हतीच. पाऊस आला की पारदर्शक पडद्यांच्या चौकटी काढायच्या आणि दारावर खोचायच्या. दाराला बाहेरून मूठही नव्हती. पडद्याच्या फटीतून हात घालून आतली दोरी ओढायची. एमजीबीमध्ये पहिल्यांदा हँडल फिरवून काच वर घेता येऊ लागली. म्हणजे १९६२ पासून या गाडीच्या दाराला पोट आले आणि पोटात काच आली.

गाडीची मालकीण सत्तरी ओलांडलेली, निवृत्त नर्स. तरुणपणी स्वतःच्या पगारातून तिने ही गाडी जुन्या बाजारातून घेतली होती. गाडी भाड्याच्या गॅरेजमध्ये उभी असे. एका रात्री कोणीतरी आत शिरून दोन्ही काचा फोडल्या. चोरीला काहीच गेले नव्हते, कारण आत काही नव्हतेच. (कापडी छताच्या गाड्यांचे पुष्कळ मालक दार मुद्दाम उघडेच ठेवतात. कुलूप पाहून चोर छत फाडतो आणि छताचा खर्च काचेहून मोठा असतो. या बाईंना कुलूप लावायची सवय होती.) महिनाभर काचेच्या जागी प्लॅस्टिक चिकटवलेले राहिले. एका दलालाने येऊन पाहिले, दार वाजवले आणि जवळजवळ भंगाराचा भाव सांगितला. तो म्हणाला, काचांचे काही नाही, पण दारे आतून सडली असणार. विकावी की ठेवावी, हे ठरवण्याआधी बाई गाडी भाच्याच्या वर्कशॉपमध्ये घेऊन आल्या.

भाच्याला वाटले होते, आधी काच मागवायची. त्याच्या उस्तादांनी त्याला पहिला दिवसभर काचेचे नावच काढू दिले नाही. आधी दार उघडायचे. काच फिरवायचे हँडल, आतली मूठ, मग आतले पॅनेल आणि त्यामागचा प्लॅस्टिकचा कागद. हा कागद बहुतेक लोक फाडून फेकून देतात. खरे तर बाहेरून काचेवरून ओघळलेले पाणी दाराच्या पोटातच उतरते, सगळ्या मोटारींमध्ये उतरते. ते आतल्या पॅनेलला लागू नये म्हणून तो कागद असतो. पाणी दाराच्या तळाशी जाते आणि तिथल्या बारीक भोकांतून रस्त्यावर गळते. काच फुटली की हजारो दाणे त्याच तळाशी पडतात, जुन्या धुळीत मिसळतात आणि भोके बुजवतात. मग पाणी साचते आणि दार आतून गंजू लागते. दलाल दार वाजवून हेच पाहत होता.

भाच्याने एका दारातून तांब्याभर दाणे काढले. आधी व्हॅक्यूम, मग चिमटा, मग भोकांतून तार, मग पुन्हा व्हॅक्यूम. डाव्या दाराच्या तळाला बोटभर गंज निघाला, उजवे साफ होते. दारे सडलेली नव्हती. बाईंनी त्या दिवशी दलालाला नकार कळवला.

आपल्या घरच्या साध्या गाडीची काच फुटली तरी एवढे तरी करावेच. हाताने झाडू नये. सीटच्या फटी, सीटबेल्टचे बक्कल आणि लहान मुलाची सीट यांतून दाणे आठवडाभर निघत राहतात. व्हॅक्यूमने दोनदा साफ करून घ्यावे आणि मेकॅनिकला ‘‘दाराच्या खालची भोके मोकळी केलीत का?’’ असे विचारावे. बहुतेक वेळा तो आपल्याकडे चमकून पाहतो. आणि नव्या काचेवर काळी फिल्म लावून देतो असे दुकानदार म्हणाला, तर नको म्हणावे. २०१२ साली सुप्रीम कोर्टाने अशी फिल्म चिकटवायला बंदी केली आहे.

आता काच. कापून मिळत नाही म्हटल्यावर त्याच आकाराची, त्याच जाडीची तयार काच शोधावी लागते. एमजीबीची बंद छताची बहीण, जीटी, १९६५ साली आली; तिच्या दाराची काच वेगळी आहे, ती इथे चालत नाही. उस्तादांकडे भंगारातून काढलेल्या जुन्या काचाही होत्या. जुन्या काचेच्या कोपऱ्यात ‘ट्रिप्लेक्स’ हे नाव कोरलेले असते. या कंपनीचा एक कारखाना बर्मिंगहॅममध्येच, किंग्ज नॉर्टनला होता. त्या अक्षरांच्या आसपास बारीक ठिपके असतात आणि ते वाचून काच कोणत्या साली बनली हे सांगता येते. माझा भाचा आता ते ठिपके वाचतो. मला विचाराल तर इमारतीवरचा जुना शिलालेख वाचण्याइतकेच हे छान आहे. पण जुन्या काचेवर वर्षानुवर्षे वर-खाली होऊन उभे ओरखडे पडलेले होते. रात्री समोरच्या गाडीचा दिवा पडला की ते चमकतात आणि रस्ता दिसत नाही. बाईंनी दोन्ही नव्या काचा घेतल्या.

काच दारात नुसती उभी राहत नाही. तिची खालची कड लोखंडी चॅनेलमध्ये रबराच्या पट्टीसह दाबून बसवलेली असते आणि त्या चॅनेलमध्ये रेग्युलेटरचे हात सरकतात. आपल्याकडचे मेकॅनिक त्याला ‘मशीन’ म्हणतात. चॅनेल काचेच्या कडेवर थोडे पुढे-मागे बसले तरी काच वाकडी चढते. म्हणून जुने चॅनेल काढण्याआधी त्याची जागा मोजून ठेवायची. रबराला साबणाचे पाणी लावायचे आणि काच घोंगडीवर ठेवून हळूहळू दाबायची. या काचेचे पोट ठोसा सहन करते, कड मात्र फरशीला टेकवली तरी जीव सोडते.

इथवरचे काम दीड दिवसात झाले. पुढचे तीन दिवस एकाच गोष्टीत गेले आणि कापडी छताच्या गाडीत खरी मेहनत तीच असते. साध्या गाडीच्या दाराला वर चौकट असते. काच वर गेली की चौकटीच्या खाचेत शिरते. थोडे कमी-जास्त असले तरी चौकट सांभाळून घेते. उघड्या गाडीच्या दाराला चौकटच नाही. काच हवेत उभी राहते आणि तिला कापडी छताच्या कडेच्या रबराला जाऊन टेकायचे असते. एमजीबीला पुढे एक तिकोनी काचही आहे, आपल्या जुन्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सीला होती तशी. काचेची पुढची पन्हळ त्या तिकोनाच्या चौकटीला जोडलेली, मागची पन्हळ दाराच्या पोटात. दोन्ही पन्हळी समांतर नसल्या तर काच मध्येच अडकते. समांतर असूनही बाहेरच्या बाजूला कलल्या, तर वारा शिट्टी वाजवतो आणि पाऊस आत येतो. आत कलल्या, तर दार लावताना काच छताच्या रबरावर आपटते.

भाच्याने पहिल्यांदा छत खाली ठेवूनच काच नीट सरळ केली, नट आवळले आणि उस्तादांना दाखवली. त्यांनी काही न बोलता छत चढवले आणि दार लावले. वरच्या कोपऱ्यात करंगळी जाईल एवढी फट होती. मग सगळे नट सैल केले. क्रम असा निघाला : आधी छत चढवायचे, मग तिकोनी काच पुढच्या खांबाच्या रबराला जुळवायची, मग पुढची पन्हळ, मग मागची, आणि दर वेळी दार उघडून-लावून पाहायचे. एक नट पाव फेरा फिरवला की वरची कड कुठल्या कुठे जाते. ‘‘खाला, मी एका दिवसात ते दार दोनशे वेळा तरी लावलं असेल,’’ तो म्हणाला. कागदाची पट्टी काच आणि रबराच्या मध्ये धरून ओढायची. सगळीकडे सारखी अडकली पाहिजे. आपण शिलाई मशीनचा ताण दोरा ओढून पाहतो, तसेच.

बी.एड.ला आम्हांला ‘कृतीतून शिक्षण’ यावर वीस गुणांचे उत्तर लिहावे लागे. मी ते चांगले लिहिले होते. त्या उत्तरात पाव फेऱ्याला जागा नव्हती.

शेवटी पाईप लावून दहा मिनिटे पाणी सोडले. डावे दार कोरडे. उजव्या बाजूला, तिकोनी काच, पुढचा खांब आणि छत जिथे भेटतात त्या कोपऱ्यातून थेंब येत होता. अर्धा दिवस आणखी गेला, रबर बदलले, तरी मिनिटाला एखादा थेंब येतच राहिला. भाचा पुन्हा पान्हा उचलणार, तेवढ्यात बाई गाडी न्यायला आल्या. त्यांनी तो थेंब पाहिला, हातातल्या पिशवीतून एक घडी घातलेले जुने फडके काढले आणि डॅशबोर्डच्या त्या टोकाला ठेवले. म्हणाल्या, ही गाडी घेतली त्या दिवसापासून इथून पाणी येते आहे, हे फडके तिसरे की चौथे असेल. मग हँडल फिरवून दोन्ही काचा खाली घेतल्या, छत उतरवले आणि निघाल्या.