वास्तूचा फेरफार

मंत्रालयाच्या पुनर्विकासाची चर्चा निघाली की एक आक्षेप हटकून पुढे येतो : ही वास्तू ना शिवकालीन, ना पेशवेकालीन; १९५५ साली उभी राहिलेली सिमेंटची कचेरी, आणि तीही २०१२ च्या आगीनंतर अंतर्बाह्य इतकी पालटलेली की मूळचे असे तीत फारसे उरलेच नाही; मग जतन करावयाचे ते कशाचे?

आक्षेपाचा पूर्वार्ध फार काळ टिकत नाही. जी वास्तू मुंबई राज्याचे सचिवालय म्हणून आरंभी नांदली, १९६० साली महाराष्ट्राचा संसार जिच्या दालनांत मांडला गेला आणि १९७५ साली जिने मंत्रालय हे नाव धारण केले, तिची थोरवी केवळ वयावरून ठरविणे अप्रयोजक होय. कमानी व नक्षी वर्ज्य करून उपयुक्ततेतच सौंदर्य पाहणारी ती शैली हीच त्या पिढीची आकांक्षा होती.

उत्तरार्धाचे उत्तर मात्र आमच्या वणीच्या तलाठ्याच्या दप्तरात आहे. वाटणी, विक्री, वारसा, जे काही घडेल त्याचा फेरफार नोंदला जातो. जुन्या हस्तलिखित सातबाऱ्यावर हक्क सरलेल्याचे नाव कंसात जाई, शेजारी वर्तुळात फेरफाराचा क्रमांक पडे. आणि चार पिढ्यांच्या कंसांनी भरलेला उतारा पाहून जमीन खोटी ठरली असे कोणी म्हणत नाही, उलट त्या कंसांवरच हक्काची साखळी सिद्ध होते.

मंत्रालयाचे कंसही असेच वाचले पाहिजेत. २०१८ च्या आरंभी भूसंपादनाच्या मोबदल्यासाठी खेटे घालून थकलेल्या एका वृद्ध शेतकऱ्याने येथे विष घेतले, पाठोपाठ एकाने वरच्या मजल्यावरून उडी टाकली, आणि मग मधल्या चौकावर जाळी ताणण्यात आली. त्याच जाळीवर ४ ऑक्टोबर २०२४ रोजी आमच्या दिंडोरीचे आमदार व तत्कालीन विधानसभा उपाध्यक्ष नरहरी झिरवाळ यांनी आदिवासींच्या मागण्यांसाठी उडी घेतली. ती जाळी बांधण्याची गरजच एके दिवशी उरू नये, ही प्रत्येक सहृदयाची इच्छा असेल. पण जाळी निघाली तरी तिची नोंद राहिली पाहिजे.

म्हणून वास्तू राखावी, निकामी झालेले बदलावे, आणि प्रत्येक बदलाचे साल व कारण, आगीत गेलेल्या पाच जिवांसकट, दर्शनी भिंतीवर कोरावे. जे सरकार शेतकऱ्याकडे प्रत्येक फेरफाराचा पुरावा मागते, त्याने स्वतःच्या घराचे फेरफार गहाळ होऊ देऊ नयेत.