जयंतीचा पांढरा स्कर्ट घरच्या घरी

दोन वर्षांपूर्वी मार्च महिन्यात आमच्या वस्तीतली एक नऊ वर्षांची मुलगी मला म्हणाली, "काकू, मले मिरवणुकीत नाही जाचं." लेझीम खेळणारी ही पोर, आणि १४ एप्रिलच्या मिरवणुकीला नको म्हणते? सगळ्या मुलींनी पांढरा पोशाख करायचा ठरवला होता. तिची माय चार घरची धुणीभांडी करते. तिने सांगितले, "बाई, कापड कसंबी आनीन, पन शिलाई कोन देईन?" तयार ड्रेस उधारीवर घेण्याचा विचार चालला होता. मी म्हटले, उधारी नको, मशीन माझ्याकडे आहे.

कपड्याची गोष्ट आपल्या समाजात कधीच लहान नव्हती. डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी स्त्रियांना लुगडे नेसण्याची रीत बदलायला सांगितले होते. जातीची ओळख पटवणारा पेहराव टाकावा आणि कापड फाटके असले तरी स्वच्छ असावे, हा त्यांचा सांगावा होता. बायकांनी तो लगेच अमलात आणला.

शिवणाऱ्याचा पहिला कपडा म्हणून इलॅस्टिकच्या स्कर्टइतका सोपा दुसरा नाही. बाही नाही, गळा नाही, काजबटन नाही. मुलीची कंबर २२ इंच होती आणि कमरेपासून गुडघ्याखालपर्यंतची उंचीही २२. त्यात नेफ्याला दीड इंच आणि खालच्या दुमडीला ३ इंच धरले, म्हणजे साडेसव्वीस. असे दोन तुकडे. ३६ इंच पन्ह्याचे पॉपलीन दीड मीटर घेतले तर भागते, आणि आटण्यापुरते थोडे उरते. कापूस आपल्या वऱ्हाडाचा, एप्रिलचे ऊनही वऱ्हाडाचेच, तेव्हा सुतीच घ्या. दुकानात कापडाखाली हात धरून उजेडात पाहा. बोटे दिसली तर आत परकर लागेल. आणि कापण्याआधी कापड रात्रभर पाण्यात भिजवा. ही पायरी गाळली की पहिल्या धुण्यातच स्कर्ट आखूड होतो.

दोन्ही तुकड्यांच्या बाजू अर्धा इंच आत टीप मारून जोडा. घेर ७० इंच होतो. कापड कमी असेल तर घेर कमी चालेल, पण एक लक्षात ठेवा. या कपड्याला चेन नाही, तो कमरेखालच्या रुंद भागावरूनच वर चढवायचा असतो. तेव्हा माप कमरेचे नाही, नितंबांचे घ्या, आणि घेर त्याच्या निदान दीडपट ठेवा.

वरची कड आधी पाव इंच, मग सव्वा इंच दुमडून टीप मारली की नेफा झाला. मागे दोन इंच जागा उघडी सोडा. एक इंच रुंद इलॅस्टिक २१ इंच कापा, एक इंच जोडाला. एका टोकाला सेफ्टी पिन लावून ओवा आणि दुसरे टोक कापडाला टाचून ठेवा. मी टाचले नव्हते. ओवता ओवता शेपूट नेफ्यात शिरले आणि बीकॉम झालेली बाई अर्धा तास पिनेने नेफा कोरत बसली! इलॅस्टिक पिळले नाही ना, हे बोटांनी चाचपून पाहा. चुण्या आपोआप पडतात, त्या सारख्या पसरवा. मुलीला घालून पाहा, पोटावर वळ उठत नसेल तरच टोके जोडा. मग दोन्ही बाजूंच्या शिवणीवर नेफ्यातून एकेक उभी टीप मारली, की इलॅस्टिक फिरत नाही.

खालची ३ इंचांची दुमड मात्र मशीनवर घालू नका, हातानेच तुरपा. मुली वाढतात. हाताचा टाका उसवायला सोपा आणि कापडाला भोक पडत नाही. ही दुमड तिच्याकडूनच घालून घेतली. टाके कुठे तांदळाएवढे, कुठे बोराएवढे. तिची माय दाराशी बसून पाहत होती. शेवटी म्हणाली, "हे त मलेबी जमीन."

जुन्या सुती लुगड्याचाही असाच स्कर्ट होतो. बसण्याच्या जागी ते विरते, पण पदराकडचा आणि आतला भाग बहुधा शाबूत असतो. काठ खाली ठेवा म्हणजे दुमड लागत नाही. वाढीसाठी काठाच्या वर एक इंचाची आडवी प्लेट घाला, तिच्यात दोन इंच कापड दडते.

यंदा मार्चमध्ये ती मुलगी स्कर्ट घेऊन आली. दुमड उसवून अडीच इंच उंची मिळाली, पण जुन्या घडीची पिवळट रेघ जाईना. तिने तिच्यावर निळी रिबन शिवली. रिबन जरा वाकडीच लागली आहे. मी काही बोलले नाही.