ऐकू येते, पण उमजत नाही

'श्रावक' हा शब्दच ऐकण्यातून आलेला आहे. जो ऐकतो, तो श्रावक. पाच इंद्रियांच्या गणनेत श्रोत्रेंद्रियाचे स्थान अखेरचे. वार्धक्यात हे इंद्रिय इतके हळूहळू मंदावते की ज्याचे मंदावते त्यालाही ते समजत नाही.

आमच्या घरातील एक वडीलधारे कारंज्याच्या बाजारात चाळीस वर्षे गादीवर बसत. एका हंगामात तुरीच्या सौद्यात समोरचा 'साठ' म्हणाला आणि यांनी 'सात' ऐकले. नुकसान किरकोळ होते. परंतु मुलाने गिऱ्हाइकादेखत चूक दाखविली. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी गादीवर बसणे सोडले. पुढे मंदिरातील प्रवचनालाही जाईनात. आम्ही समजलो, वैराग्य आले. वस्तुतः कान गेले होते.

वयोमानाने बहुधा प्रथम उंच स्वराचे ध्वनी ऐकू येईनासे होतात. 'आ', 'ओ' हे स्वर खालच्या पट्टीचे, म्हणून ते ऐकू येतात. स, श, त, ठ या व्यंजनांची ओळख पटविणारे ध्वनी वरच्या पट्टीचे, म्हणून ते निसटतात. 'ऐकू येते, पण कळत नाही' ही वृद्धांची तक्रार म्हणूनच खरी असते. मोठ्याने ओरडल्याने ती दूर होत नाही.

मुलाने घाईने एक स्वस्त यंत्र घरपोच मागविले. ते पंख्याची घरघर आणि ताटवाट्यांचा खणखणाटही तेवढाच वाढवी. आठ दिवसांत ते कपाटात गेले. चूक यंत्राची कमी, आमची अधिक होती. चष्म्याचा नंबर न काढता चष्मा कोण घेतो?

यासाठी पहिली पायरी कान-नाक-घसा तज्ज्ञांची. पुष्कळदा कानात केवळ मळ साचलेला असतो. कान वाहत असेल, चक्कर येत असेल, एकाच कानाने कमी ऐकू येत असेल, तर आधी उपचार. एखाद्या कानाने अचानक ऐकू येणे बंद झाले, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे; तेथे विलंब महागात पडतो.

दुसरी पायरी श्रवणतपासणी. शांत खोलीत २५० ते ८००० हर्ट्झपर्यंतचे ध्वनी ऐकवून 'ऑडिओग्राम' काढतात. ही तपासणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असलेल्या ऑडिओलॉजिस्टकडूनच करून घ्यावी व आलेख स्वतःजवळ ठेवावा. डिजिटल यंत्र त्या आलेखाप्रमाणे संगणकावर जुळवतात. म्हणून एकाचे यंत्र दुसऱ्याच्या कामाचे नसते.

आता खरेदी. आपण व्यापारी, भाव करण्यापूर्वी माल पारखावा. सांगितलेली किंमत एका कानाची की जोडीची? हमी किती वर्षांची? पुढील जुळवणी विनामूल्य आहे काय? दुरुस्ती वाशीम-अकोल्यात होईल की यंत्र मुंबईस जाईल? चाचणीसाठी काही दिवस घरी देतील काय? श्रवणयंत्रावर जीएसटी शून्य आहे. बिल पाहून घ्यावे. दोन्ही कान मंद असतील तर दोन यंत्रांनी आवाजाची दिशा अधिक चांगली कळते.

कानात लपणारे इवलेसे यंत्र मोहक दिसते. परंतु त्याचा सेल बदलताना थरथरणारी बोटे व अंधुक दृष्टी यांची परीक्षा होते. अशा वृद्धांना कानामागचे यंत्र किंवा चार्जिंगचे यंत्र सोयीचे. सेलवरील चिकटपट्टी काढताच तो खर्ची पडू लागतो, म्हणून ती आधी काढू नये. पावसाळ्यात व घामाच्या दिवसांत यंत्र रात्री ओलावा शोषणाऱ्या पुड्यांच्या डबीत ठेवावे.

यंत्र घेतले म्हणजे काम संपले नाही. मेंदूला विसरलेले आवाज पुन्हा ओळखायला काही आठवडे लागतात. प्रथम घरात, शांततेत, थोडा वेळ, मग दुकानात, शेवटी प्रवचनाच्या सभागृहात. घरच्यांनीही समोर बसून, सावकाश, न ओरडता बोलावे. लॅन्सेट आयोगाने २०२० मध्ये स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्याजोग्या कारणांत श्रवणदोषाचा समावेश केला आहे. तेव्हा ही केवळ सोयीची बाब नव्हे.

आपल्या दुकानातील जुने मुनीम व हमाल यांचेही कान तपासून घ्यावेत. वार्षिक कौटुंबिक उत्पन्न २ लाखांच्या आत असलेल्या ६५ वर्षांवरील व्यक्तींना मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ३,००० रुपये एकरकमी मिळतात, ते श्रवणयंत्रासाठीही वापरता येतात. उरलेली भर मालकाने घालावी.

आमचे वडीलधारे आता पुन्हा गादीवर बसतात. भाव ऐकला की एकदा स्वतः म्हणून दाखवितात. मुलगाही आता मान वर करून, त्यांच्याकडे पाहून बोलतो. अर्धा गुण यंत्राचा, अर्धा त्या पाहण्याचा.